शिळ्या भाकरीचा कॉम्प्युटर

२०२५च्या एप्रिलमध्ये, जयंतीच्या आठवड्यात, भिवंडीतल्या आमच्या वस्तीच्या विहाराला चार कॉम्प्युटर दान मिळाले. देणाऱ्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. टेम्पोतून चार कॅबिनेट आणि चार मॉनिटर उतरले. त्यांच्याबरोबर एक फ्लेक्सही उतरला, तो चारही मॉनिटर शेजारी शेजारी ठेवले तरी त्यांच्याहून मोठा होता. पुष्पगुच्छ झाले, भाषणं झाली, फोटोसाठी अभ्यासिकेतल्या मुलींना पुढे उभं केलं गेलं. पाहुणे गेल्यावर आम्ही बटणं दाबली. दोन सुरूच झाले नाहीत. तिसरा सुरू व्हायचा आणि दहा मिनिटांत आपोआप बंद पडायचा. चौथ्यावर विंडोज ७ उघडलं, ज्याचे सुरक्षा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२०लाच बंद केले आहेत. बाजूचा पत्रा काढून पाहिलं तर आत कोअर टू ड्युओ प्रोसेसर, दोन जीबी डीडीआर टू रॅम आणि पंख्यावर कापसासारखी साचलेली धूळ.

"मिळालं ते गोड मानून घ्यायचं, बाई," मंडळातले एक ज्येष्ठ उपासक म्हणाले. "फुकटच्या वस्तूत खोड काढू नये."

मी त्यांचा आदर करते. पण हा लेख त्यांच्या या वाक्याच्या विरोधात आहे.

मार्च १९२७मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना काय सांगितलं होतं ते आठवा. मेलेल्या ढोराचं मांस सोडा, दारोदार मिळणारे शिळे तुकडे सोडा. लोक उपाशी होते हे त्यांना माहीत नव्हतं का? माहीत होतं. तरीही त्यांनी ते सांगितलं, कारण शिळ्या तुकड्याबरोबर तुकडा टाकणाऱ्याने ठरवलेली आपली पायरीही घरात येते हे त्यांना दिसत होतं. आज आपल्या घरात शिळी भाकरी येत नाही. तिच्या जागी सोळा वर्षं वापरून टाकलेला कॉम्प्युटर विहारात येतो, आणि आपण त्याला पुष्पगुच्छ देतो.

"ताई, तुलना फार ताणताय," असं आमच्याच गटातला एक मुलगा म्हणाला. ताणत नाही. हिशोब करून बघा. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. त्यांच्याप्रमाणे मोठ्या कार्यालयांनी आपली जुनी यंत्रं नोंदणीकृत प्रक्रिया करणाऱ्यांकडेच द्यायची असतात. इथे काय झालं? कार्यालयाची अडगळ रिकामी झाली, वार्षिक अहवालाला फोटो मिळाला, आणि अडगळ आमच्या बुद्धमूर्तीच्या मागच्या खोलीत आली. आता ती भंगारवाल्याला दिली तर तो कुठेतरी उघड्यावर तारा जाळून तांबं काढणार. तो धूर कोणत्या वस्तीतल्या माणसाच्या छातीत जातो हे सांगायला एम.ए. समाजशास्त्राची गरज नाही.

याहून वाईट गोष्ट वेगळीच आहे. त्या चौथ्या मशीनवर आमची बारावीची एक मुलगी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसली. पान उघडेना. तिने बारा मिनिटं वाट पाहिली, मग उठली आणि म्हणाली, "मला नाही जमत कॉम्प्युटर." मशीन खराब आहे असं तिला वाटलं नाही. स्वतःमध्येच काहीतरी कमी आहे असं वाटलं. नादुरुस्त वस्तू दान दिली की ती घेणाऱ्याला काय शिकवते याचा याहून स्पष्ट पुरावा मला नको.

आम्ही ठरवलं की चार मढी सांभाळण्यापेक्षा एकच जिवंत मशीन घ्यायचं, वर्गणीच्या पैशांनी, नवं, आणि स्वतः जोडायचं. घराघरातून पन्नास, शंभर, दोनशे असं मागून अडतीस हजार जमले. त्यात महिला बचत गटाचे पाच हजार होते.

यावर पहिला सल्ला आला तो तयार मशीन घेण्याचा. शहरातल्या एका दुकानात आमच्यासाठी 'ऑफर' तयार होती: आय सेव्हन, सोळा जीबी, काचेचं कॅबिनेट, आत रंगीत दिवे, सगळं मिळून अठरा हजार. मंडळ खूश. मी विचारलं, आय सेव्हन कितव्या पिढीचा? दुकानदार म्हणाला, "मॅडम, आय सेव्हन आहे ना, मग झालं." ते तिसऱ्या पिढीचं निघालं, म्हणजे २०१२चं. त्याखालचा मदरबोर्ड एच ६१ चिपसेटचा, म्हणजे २०११चं डिझाईन. ते बोर्ड आजही कोणत्यातरी अनोळखी नावाच्या नव्या खोक्यात भरून विकले जातात. विंडोज ११साठी इंटेलची किमान आठवी पिढी लागते आणि टीपीएम २.० लागतं, म्हणजे हे मशीन त्या दारातून आत जाऊच शकत नाही. आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार हे तेव्हा जाहीर झालेलंच होतं. आपल्या देशात माणसाला आडनाव विचारतात आणि कर्तृत्व विचारत नाहीत. प्रोसेसरच्या बाबतीतही लोक तेच करतात. आय थ्री, आय फाइव्ह, आय सेव्हन ही आडनावं झाली. पिढी विचारा. बाराव्या पिढीचा साधा आय थ्री तिसऱ्या पिढीच्या आय सेव्हनला सहज मागे टाकतो.

म्हणून जूनमधल्या एका शनिवारी मी, अभ्यासिकेतल्या दोन मुली आणि एक मुलगा असे चौघं लॅमिंग्टन रोडला गेलो. भिवंडी स्थानकावरून एसटीने कल्याण, तिथून लोकलने दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. त्या रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ते पत्र्यावरच आहे. पहिल्याच दुकानात मला ऐकायला मिळालं, "मॅडम, भाईसाब को लेके आओ, उनको समझाता हूँ." मी वही उघडली आणि भाव लिहायला सुरुवात केली. पाच दुकानांचे भाव लिहून होईपर्यंत भाईसाबचा विषय मिटला होता.

त्या वहीतली निवड इथे सविस्तर लिहिते आहे, कारण आपल्या बऱ्याच विहारांत हाच प्रश्न येणार आहे. आणि 'कॉम्प्युटर द्या' एवढीच मागणी करणारी चळवळ, कोणता कॉम्प्युटर आणि का, हे सांगू शकत नसेल तर तिला पुन्हा मढंच मिळेल.

आधी काम ठरवलं. अर्ज भरणं, मराठी आणि इंग्रजी टायपिंगचा सराव, स्पर्धा परीक्षेचे व्हिडिओ, एक्सेल, पोस्टर, थोडं व्हिडिओ संपादन, आणि ज्यांना हवं त्यांना प्रोग्रामिंग. खेळ नाहीत. म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. पण मग प्रोसेसरच्या आतच ग्राफिक्स असायला हवं, आणि नवख्या माणसाचा पाय इथेच घसरतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो त्यात ग्राफिक्स नसतं. एएमडीचा रायझेन ५ ५६०० आणि ५६००जी यांत त्या एका 'जी'चाच फरक आहे. एका दुकानात आम्हाला एफवाला प्रोसेसर 'तोच आहे, स्वस्त पडेल' म्हणून दाखवला गेला. तो घरी आणून जोडला असता तर पंखे फिरले असते आणि पडदा काळाच राहिला असता. मग 'आता कार्ड घ्यावं लागेल' म्हणून आणखी पाच-सहा हजार गेले असते. एका अक्षराच्या अज्ञानाची ही किंमत आहे. सावकाराच्या वहीतही एका अक्षरावरच अंगठा घेतला जायचा.

आम्ही रायझेन ५ ५६००जी घेतला. सहा कोअर, बारा थ्रेड, आत वेगा ग्राफिक्स, खोक्यातच पंखा. २०२१चा आहे, सगळ्यात नवा नाही, आणि म्हणूनच ९,८५० रुपयांत मिळाला. सोबतच्या मुलाचं म्हणणं होतं की एएम फाइव्ह सॉकेट घेऊ, म्हणजे पुढे प्रोसेसर बदलता येईल. बरोबर होतं त्याचं. पण त्याला बोर्ड महाग, रॅमही डीडीआर फाइव्ह लागते, ती महाग. आमच्यासाठी 'पुढे'चा अर्थ हेच मशीन वाढवणं असा नाही, दुसरं मशीन उभं करणं असा आहे. म्हणून एएम फोर, ए ५२० चिपसेटचा बोर्ड, ४,९५० रुपये. बोर्ड घेताना एकच गोष्ट दुकानदाराकडून वदवून घ्या: आतलं बायोस या प्रोसेसरला ओळखतं का? जुना साठा असेल तर ओळखत नाही, आणि ते अपडेट करायला दुसरा प्रोसेसर लागू शकतो. तो आपल्याकडे कुठून असणार.

रॅम सोळा जीबी, पण आठ-आठच्या दोन पट्ट्या. सोळाची एक पट्टी सोपी वाटते, पण आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, रॅममधूनच उसनं घेतं. दोन पट्ट्या असल्या की रस्ता दुपदरी होतो आणि फरक डोळ्यांना दिसतो. ३,०५० रुपये. ५०० जीबीचा एनव्हीएमई एसएसडी, २,९०० रुपये. जुनी फिरती हार्डडिस्क त्याच पैशांत दुप्पट जागा देत होती. पण मशीन रेंगाळतं ते बहुतेक वेळा डिस्कमुळे, आणि आमच्या मुलीला पुन्हा बारा मिनिटं बसवायचं नव्हतं.

आता एसएमपीएस. यावर मी सगळ्यात जास्त भांडले. मंडळाने सांगितलं होतं, "पेटीसोबत फुकट येतो तो घ्या." एक कॅबिनेट खरोखरच 'चारशे पन्नास वॅट'च्या एसएमपीएससकट चौदाशेला मिळत होतं. आमचं मशीन रोजच्या कामाला शंभर वॅटच्या आतच घेतं, मग चारशे पन्नासचं लेबल पुष्कळच झालं, नाही का? नाही. प्रश्न वॅटचा नाही. त्या डब्यात वीज किती स्वच्छ होते आणि काही बिघडलं तर तो स्वतः बंद होतो की मदरबोर्डला सोबत घेऊन मरतो, हा प्रश्न आहे. भिवंडीत राहणाऱ्यांना व्होल्टेज म्हणजे काय ते समजावायला नको. शेजारच्या गाळ्यातले लूम एकदम सुरू झाले की घरातला बल्ब मान टाकतो. दान आलेल्या मशीनपैकी एकाचा मदरबोर्ड त्याच्या फुकट एसएमपीएसनेच खाल्ला होता, फुगलेले कपॅसिटर दिसत होते. म्हणून ८० प्लस ब्राँझ प्रमाणपत्राचा, ओळखीच्या कंपनीचा, ४५० वॅटचा घेतला: २,६५० रुपये. कॅबिनेट मात्र साधं पत्र्याचं, पुढे जाळी असलेलं, १,५५०. काच नाही, दिवे नाहीत. दिव्यांचे पैसे तारेत आणि कपॅसिटरमध्ये गेले. ते कोणाला दिसत नाहीत आणि फ्लेक्सवरही येत नाहीत.

बावीस इंची आयपीएस मॉनिटर ६,३००, कीबोर्ड-माउस ७५०, सहाशे व्हीएचा यूपीएस २,८५०. यूपीएस पाच-दहा मिनिटंच देतो, पण भरत आलेला अर्ज जतन करायला तेवढी पुरतात. एकूण ३४,८५० रुपये. उरलेल्यात प्रवास, एक चांगला एक्स्टेन्शन बोर्ड आणि चुंबकाच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर.

दोन दुकानांत "बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील" असं कानात सांगितलं गेलं. हा मोह मोठा असतो, साडेचार-पाच हजारांचा. आम्ही बिल घेतलं, विहाराच्या नावावर, प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर टाकून. एक तर वर्गणीचा हिशोब द्यायचा होता. दुसरं, बिलाशिवाय वॉरंटी नाही, आणि खोक्यातल्या प्रोसेसरला तीन वर्षांची असते. खोक्याशिवाय 'ट्रे'मधला स्वस्त दाखवतात, त्याच्या मागे कोणी उभं राहत नाही.

विंडोजचं लायसन्स आम्ही घेतलं नाही, चोरीचंही टाकलं नाही. लिनक्स मिंट टाकलं, फुकट आणि उजळ माथ्याने वापरता येणारं. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहेच. टायपिंगच्या एखाद्या सॉफ्टवेअरला विंडोजच लागलं तर तेव्हा पैसे काढून लायसन्स घेऊ.

आता मूळ भांडणाकडे येते. "हे सगळं ठीक आहे, पण दुकानदार दोन-तीनशे रुपयांत जोडून देतो, पोरांना कशाला कामाला लावता?" हा प्रश्न आपल्याच कार्यकर्त्यांनी विचारला.

मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास आपण विसरलो की काय? अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात, म्हणजे साच्यांवर घेत नसत. कारण काय, तर धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आपल्या थुंकीने धागा विटाळतो. विणाई खात्यात पगार जास्त होता. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी नेमका हाच मुद्दा लावून धरला की मजुरांच्या हक्काचं बोलता, तर हा अन्यायही मागण्यांत घ्या. म्हणजे गिरणीत आपल्याला जागा होती, झाडायला, वाहायला, कमी पगाराच्या खात्यांत. मनाई होती ती यंत्राच्या जवळच्या, कसबाच्या जागेवर. १९३६ला त्यांनी जातीबद्दल जे मांडलं त्याचा गाभाही हाच आहे की इथे फक्त कामं वाटलेली नाहीत, काम करणारी माणसंच एकमेकांपासून तोडून उतरंडीत रचली आहेत.

भिवंडीत आज बघा. मानकोली, काल्हेर, दापोडे, पूर्णा, राहनाळ, नजर जाईल तिथे गोडाऊन. देशभर जाणारा माल इथून जातो, त्यात प्रोसेसर आहेत, एसएसडी आहेत, मॉनिटर आहेत. खोकी उचलणारे, स्कॅन करणारे, टेप मारणारे हात कोणाचे आहेत? कुणी आता धागा विटाळतो म्हणत नाही. कायदाही आहे. पण आपल्या पोरांचा हात खोक्याच्या बाहेरच्या बाजूपर्यंतच पोहोचतो, हे रोज दिसतं. आमच्याबरोबर लॅमिंग्टन रोडला आलेल्या दोघींपैकी एक मानकोलीकडच्या एका गोडाऊनमध्ये रात्रपाळीला पॅकिंग करते. तिने एसएसडीची शेकडो पाकिटं हाताळली होती. आत काय असतं ते तिने पहिल्यांदा आमच्या टेबलावर पाहिलं. च्युइंगमच्या पट्टीएवढी वस्तू बघून ती म्हणाली, "एवढंच? एवढ्यासाठी ते आमची झडती घेतात?"

जोडणी रविवारी केली, वंदनेनंतर, विहारातच, सतरंजी काढून लाकडी टेबलावर. मध्ये मध्ये कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा, अंगातली स्थिर वीज उतरवायला. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, दांडी वर, प्रोसेसर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही, दांडी खाली. रॅम टक् आवाज येईपर्यंत दाबायची. सोबत आलेल्या पंख्यासाठी बोर्डवरचे प्लास्टिकचे दोन कंस आधी काढावे लागतात, हे आम्हाला अर्धा तास घालवून कळलं. पॉवर बटणाच्या बारीक वायरींनी सगळ्यांचा अंत पाहिला.

बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा. मागे उभ्या असलेल्या मंडळींतून लगेच आलं, "सांगितलं होतं, दुकानातून करून घ्या." मीही घाबरले, खोटं कशाला सांगू, चौतीस हजार आठशे पन्नास रुपये लोकांचे होते. मी रॅम काढून परत बसवली. काही नाही. गोडाऊनवाल्या मुलीने मदरबोर्डचं माहितीपत्रक हातात घेतलं, ते इंग्रजी होतं, ती चित्रांवर बोट ठेवत गेली, आणि म्हणाली, "ताई, वरच्या कोपऱ्यात आठ भोकांचा एक सॉकेट रिकामा आहे. चित्रात तिथे वायर आहे." प्रोसेसरची स्वतःची वीजजोडणी आम्ही लावलीच नव्हती. लावली, आणि पडद्यावर अक्षरं आली.

ही चूक दुकानात झाली नसती, हे खरं आहे. आणि दुकानात ती मुलगी दाराबाहेर उभी राहिली असती, हेही तितकंच खरं आहे. पुढे जूनअखेर ते मशीन एकदा सुरू होईना. मला फोन आला नाही. त्यांनीच उघडलं, रॅमची पट्टी खोबणीतून सैल झाली होती, ती बसवली आणि नंतर मला सांगितलं.

एक आक्षेप मात्र मला मान्य करायला हवा. कार्यालयांतून निघालेली आठव्या-नवव्या पिढीची नीट तपासलेली जुनी मशीन बाजारात निम्म्याहून कमी पैशांत मिळतात, आणि आमच्या कामाला ती पुरतात. खरं आहे. दुसरं मशीन आम्ही कदाचित तसंच घेऊ. माझा विरोध जुन्या वस्तूला नाही. पिढी विचारून, उघडून बघून, बिल घेऊन, आपल्या पैशांनी घेतलेली जुनी वस्तू ही खरेदी आहे. न बघता, मान खाली घालून, फोटोसाठी घेतलेली जुनी वस्तू हा तुकडा आहे. देणाऱ्याला आम्ही आता एक छापील यादी देतो: किमान आठवी पिढी, आठ जीबी रॅम, एसएसडी, चालू स्थितीत, आमच्यासमोर सुरू करून. बसत असेल तर आनंदाने, नाहीतर साभार परत. एप्रिलमधली दोन मशीन आम्ही परत पाठवली. काहींना राग आला.

दुसरा आक्षेप, मोबाईल असताना कॉम्प्युटर कशाला, हा मला मान्य नाही. मोबाईलवर पाहता येतं, वाचता येतं, फॉरवर्ड करता येतं. वीस पानांची तक्रार, माहिती अधिकाराच्या अपिलाची मांडणी, हजेरीचा तक्ता, पुस्तिकेची जुळणी मोबाईलवर करून दाखवा. बाबासाहेब दुसऱ्याच्या छापखान्याच्या दयेवर राहिले नाहीत. भारत भूषण, पुढे बुद्ध भूषण या नावाचा छापखाना त्यांनी उभा केला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने भाषणात बदल मागितले तेव्हा त्यांनी शब्द बदलले नाहीत, अध्यक्षपद सोडलं आणि ते भाषण स्वतः छापून काढलं. १,५०० प्रतींची ती पहिली आवृत्ती दोन महिन्यांत संपली. त्या काळी शब्दामागे खिळे आणि शाई होती, आता त्याच जागी मदरबोर्ड आहे. जयंतीच्या डीजेचं एका रात्रीचं भाडं आणि या मशीनची किंमत शेजारी शेजारी मांडा, मला त्यावर आणखी काही लिहायचं नाही. दरवर्षी तेच लिहून मी कंटाळले.

सध्या एक अडचण आहे, ती सांगून ठेवते. २०२५च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीचे भाव भडकले आहेत, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्या आपला माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळवत आहेत. वर दिलेल्या भावांत आज रॅम मिळणार नाही. ज्यांना आत्ता घ्यायचं आहे त्यांनी सोळाऐवजी आठची एक पट्टी घ्यावी, बोर्डवर दुसरी खोबण मोकळी ठेवावी आणि भाव उतरल्यावर जोडीची पट्टी टाकावी. एसएमपीएसमध्ये मात्र काटकसर करू नका.

आमच्या बिलाची झेरॉक्स आणि वहीतली भावांची पानं अभ्यासिकेच्या भिंतीवर लावली आहेत, फोटो काढून न्या. उरलेल्या दोन मढ्यांपैकी एक आम्ही ठेवलं आहे, पोरांना उघडून बघायला. दर रविवारी वंदनेनंतर ते टेबलावर असतं. येताना स्क्रू ड्रायव्हर आणा, आमच्याकडे एकच आहे.

जय भीम.